सहा ठोके आणि त्यांची पोच

ब्लॉक यंत्राच्या घंटेवर एक ठोका पडला, की शेजारच्या स्टेशनचा मास्तर सांगतो आहे, ‘लक्ष द्या’. दोन ठोके म्हणजे ‘लाइन क्लिअर आहे का?’ तीन पडले तर गाडी दोन स्टेशनांमधल्या सेक्शनमध्ये शिरली, चार पडले तर बाहेर आली, पाच पडले तर आधीचा संदेश रद्द. आणि सलग सहा ठोके पडले, तर पुढचेमागचे काही न विचारता समजायचे, की मार्गात धोका आहे. सहानंतर जरा थांबून आणखी ठोके पडतात, त्यांवरून धोक्याचा प्रकार कळतो. एक ठोका जादा पडला तर गाडी थांबवून तपासायची. दोन पडले तर गाडी शेवटच्या दिव्याशिवाय निघून गेली आहे. तीन पडले तर गाडीचे दोन तुकडे झाले आहेत.

भारतीय रेल्वेच्या नियमांतली ही भाषा इतकी छोटी आहे, की नवशिक्या माणूस ती एका बैठकीत पाठ करू शकतो. तिच्याबरोबर येणारा एक नियम मात्र ठोक्यांपेक्षा महत्त्वाचा आहे. आलेले ठोके तसेच परत वाजवून दाखवायचे. जोवर ते परत वाजत नाहीत, तोवर संदेश समोरच्याला समजला असे धरायचे नाही. घंटा वाजवली एवढ्याने काम संपत नाही. पोच यावी लागते.

चर्चगेट–विरार मार्गाचा इतिहास आपण नेहमी गर्दीचा इतिहास म्हणून सांगतो. तो आणखी एका बाजूने सांगता येतो. दूर कुठे काही बिघडले, तर ती खबर निर्णय घेणाऱ्या माणसापर्यंत कशी न्यायची आणि ती पोचली हे कसे ओळखायचे, हा प्रश्न या मार्गाला पहिल्या दिवसापासून आहे. आज वसई-विरारमधल्या प्रत्येक मोबाइल टॉवरला, घरातल्या फायबरच्या डब्यालाही तोच प्रश्न आहे. उत्तरे दर पिढीत नव्याने शोधावी लागली. त्यातली बरीचशी जुनीच निघाली.

कोणती गाडी?

बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची लाइन गुजरातेतून खाली उतरत १८६४च्या नोव्हेंबरात ग्रँट रोडला पोचली. वसईची खाडी ओलांडून मुंबई गाठणारा हा लोहमार्ग वसईकरांच्या आयुष्याची दिशाच बदलणारा होता. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी सुटली. दिवसाला एक. त्या वेळच्या स्टेशनांची नावे आज वाचताना गंमत वाटते: नीला, बसीन, पांजे, बेरेवला, पहाडी, अंदारू, बांदोरा. नीला म्हणजे आपले नालासोपारा, बसीन म्हणजे वसई, बेरेवला म्हणजे बोरिवली आणि पहाडी म्हणजे गोरेगाव.

गाड्या थोड्या असल्या, तरी एका सेक्शनमध्ये दोन गाड्या येऊ न देण्याची जबाबदारी तेवढीच मोठी होती. त्या काळी भारतीय रेल्वेमार्गांवर स्टेशनमास्तर पुढच्या स्टेशनला तारेने ‘लाइन क्लिअर’ मागत असे आणि होकार आल्याशिवाय गाडी सोडत नसे. तार हे तेव्हाचे अगदी ताजे तंत्र होते. कलकत्त्याजवळची पहिली प्रायोगिक लाइन १८५०ची आणि सर्वसामान्यांसाठी तारसेवा सुरू झाली ती १८५५ साली.

पण तार असली म्हणजे खबर बिनचूक जाते, असे नाही. त्याचा धडा इंग्लंडने २५ ऑगस्ट १८६१ रोजी घेतला होता. लंडन–ब्रायटन मार्गावर क्लेटन बोगद्याच्या दोन्ही तोंडांना एकेक सिग्नलवाला होता आणि दोघांमध्ये सुईची तार होती. पहिली गाडी आत गेली, पण तिच्यामागे आपोआप लाल व्हायला हवा असलेला सिग्नल लाल झाला नाही. दुसरी गाडी मागोमाग आली. सिग्नलवाल्याने तिला लाल बावटा दाखवला, पण ती आत शिरलीच. तिच्या ड्रायव्हरने बावटा पाहिला होता. तो बोगद्यात थांबला आणि गाडी मागे घेऊ लागला. बाहेरच्याला हे कळायला मार्ग नव्हता. त्याने दुसऱ्या टोकाला विचारले, ‘बोगदा मोकळा आहे का?’ दुसऱ्या टोकाने नुकतीच पहिली गाडी बाहेर पडताना पाहिली होती. त्याने कळवले, ‘मोकळा.’ त्यावर तिसरी गाडी सोडण्यात आली. तेवीस माणसे मेली.

यंत्र बिघडले ते एकदाच. त्यानंतर जे घडले, ते दोन शहाण्या माणसांनी एकाच प्रश्नाचा अर्थ वेगवेगळा घेतल्यामुळे. विचारणाऱ्याच्या मनात दुसरी गाडी होती, सांगणाऱ्याच्या मनात पहिली. पुढे ब्लॉक पद्धतीने हा घोळ मुळातून काढला. प्रत्येक गाडीसाठी स्वतंत्र परवानगी, ती आत शिरल्याची नोंद, ती बाहेर पडल्याची नोंद आणि प्रत्येक नोंदीची पोच. सेक्शनची अवस्थाही तीनपैकीच एक: लाइन बंद, लाइन क्लिअर किंवा लाइनवर गाडी. आजच्या संगणकाच्या भाषेत याला प्रोटोकॉल म्हणतात. मास्तर आपले त्याला ‘नियम’ म्हणत.

गप्प बसला तर लाल

घंटेची पद्धत चोख असली, तरी तिला जागा असलेला माणूस लागतो. रुळावर कोणी नसताना रूळच तुटला, तर सहा ठोके कोण देणार? याचे उत्तर १८७२ साली अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन याने ट्रॅक सर्किटच्या रूपाने दिले. रुळांच्या एका तुकड्याच्या एका टोकाला बॅटरी जोडायची, दुसऱ्या टोकाला रिले, म्हणजे वीज मिळेपर्यंत उचललेला राहणारा स्विच. वीज एका रुळातून जाते, दुसऱ्यातून परत येते आणि रिले वर राहतो. गाडी आली की तिची चाके आणि आस दोन्ही रूळ जोडून टाकतात, वीज मधूनच वळते आणि रिले पडतो. रिले पडला की सिग्नल लाल.

या रचनेतली खरी चतुराई पुढे आहे. रूळ तुटला, रिले पडतो. तार सुटली, रिले पडतो. बॅटरी संपली, तरीही रिले पडतो. म्हणजे ‘सर्व ठीक आहे’ हे सतत सांगावे लागते. सांगणे थांबले की धोका समजायचा. मौनाला अर्थ देणारी ही युक्ती पुढे दूरवरून देखरेख करणाऱ्या प्रत्येक यंत्रणेने उसनी घेतली.

१९२८ साली बोरिवलीपर्यंत आणि १९३६ साली विरारपर्यंत विजेच्या गाड्या धावू लागल्या. गाड्या वाढल्या, तसा दर वेळी दोन मास्तरांनी घंटा वाजवून परवानगी घेण्याचा वेळ परवडेना. हळूहळू मार्गावर ट्रॅक सर्किटवर चालणारे स्वयंचलित सिग्नल आले. गाडी स्वतःच आपल्यामागचा सिग्नल लाल करते आणि पुढे गेल्यावर सोडते.

वसई-विरारकरांना ही युक्ती पावसाळ्यात अनुभवायला मिळते, फक्त तिचे नाव माहीत नसते. १० जुलै २०१८ रोजी नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले, लोकल बंद पडल्या, वडोदरा एक्स्प्रेस नालासोपारा-विरारदरम्यान अडकली आणि तिच्यातल्या प्रवाशांना बाहेर काढायला राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या बोटी आल्या. अशा वेळी प्लॅटफॉर्मवर एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘सिग्नल फेल झालाय.’ रूळ आणि खडी पाण्यात बुडाली की वीज एका रुळातून दुसऱ्यात गळते, रिले पडतो आणि समोर गाडी नसतानाही सिग्नल लाल होतो. प्रवाशाच्या दृष्टीने तो बिघाड. रचनाकाराच्या दृष्टीने सिग्नलने नेमके आपले काम केले: खात्री नव्हती, म्हणून त्याने धोका दाखवला.

इशाऱ्याला ठरलेला अर्थ आणि ठरलेली वाट नसेल तर काय होते, हेही याच मार्गाने पाहिले आहे. ऑक्टोबर १९९३ मध्ये विरारकडे निघालेल्या महिला विशेष लोकलमध्ये कांदिवलीजवळ ‘आग लागली’ अशी ओरड झाली. आग नव्हती. पण डब्यातल्या बायकांना ते विचारायला कोणी नव्हते आणि सांगायलाही कोणी नव्हते. अनेकींनी शेजारच्या रुळांवर उड्या टाकल्या आणि समोरून येणारी गाडी त्यांच्यावर गेली. जवळपास पन्नास जणी मृत्युमुखी पडल्या. धोक्याची खबर पसरायला क्षणही लागला नाही. ती खरी आहे का, हे तपासायची आणि ‘थांबा’ असे उलट कळवायची सोय नव्हती.

माणूस नसलेल्या खोलीतून

विजेच्या गाड्यांबरोबर देखरेखीची नवी गरज आली. ओव्हरहेड तारेला वीज पुरवणारी सबस्टेशने आणि स्विचिंग ठाणी लाइनीवर ठिकठिकाणी पसरलेली असतात. प्रत्येकात चोवीस तास माणूस बसवणे शक्य नाही. म्हणून नियंत्रण एका जागी आणायचे आणि ब्रेकर दुरून उघडबंद करायचे, ही कल्पना रुजली. विरारच्या उत्तरेकडे सत्तरच्या दशकात २५ हजार व्होल्टची एसी वीज आली. दक्षिणेकडे १५०० व्होल्टची डीसी होती, आणि विरार या दोहोंची सीमा झाले. फेब्रुवारी २०१२ मध्ये चर्चगेटपर्यंत सगळा मार्ग एसी झाला, तेव्हा ती सीमा पुसली गेली.

देशातल्या एसी मार्गांवरची सुरुवातीची रिमोट कंट्रोल यंत्रणा टेलिफोन एक्स्चेंजमधल्या स्ट्रोजर रिलेंवर चालत असे. पुढे तिची जागा ट्रान्झिस्टरने आणि मग संगणकाने घेतली. संगणक आल्यावर नवीनच अडचण उभी राहिली. प्रत्येक कंपनीची यंत्रे आपापल्या भाषेत बोलत. एका कंपनीचे सबस्टेशनातले टर्मिनल दुसऱ्या कंपनीच्या नियंत्रण संगणकाला काय सांगते आहे, ते कळेना. मग रेल्वेची लखनौ येथील संशोधन संस्था आरडीएसओने ट्रॅक्शनसाठी ‘स्पोर्ट’ नावाचा समान प्रोटोकॉल ठरवून दिला. जगभर वीजक्षेत्रात याच कामासाठी आंतरराष्ट्रीय विद्युत तंत्र आयोगाने ६०८७०-५-१०१ हे मानक १९९५ साली आणि नेटवर्कवरून चालणारे १०४ हे मानक २००० साली आणले.

१०४ मध्ये जुन्या मास्तराला ओळखीचे वाटावे असे पुष्कळ काही आहे. प्रत्येक संदेशाला क्रमांक असतो आणि समोरच्याने अमुक क्रमांकापर्यंत मिळाले अशी पोच द्यायची असते. आठ संदेशांच्या आत द्यावी, अशी शिफारस आहे. संदेश का पाठवला, याचे कारणही त्यातच लिहिलेले असते: नेहमीची फेरी, विचारल्याचे उत्तर, की काहीतरी आपोआप घडले म्हणून. आणि बराच वेळ दोन्हीकडून काहीच गेले नाही, साधारण वीस सेकंद, तर ‘आहेस ना?’ असे विचारणारा चाचणी संदेश जातो. उत्तर आले नाही की जोडणी तुटली असे धरायचे. घंटेतली पोच आणि ट्रॅक सर्किटमधला मौनाचा अर्थ, दोन्ही इथे एका नियमपुस्तकात आले.

सिग्नलच्या बाजूने हेच काम डेटालॉगर करतो. स्टेशनच्या रिले रूममधल्या शेकडो रिलेंवर तो नजर ठेवतो आणि कोणता रिले किती वाजता पडला किंवा उचलला, याची मिलिसेकंदांपर्यंत नोंद करतो. सिग्नलचा दिवा गेला, गाडीचा रूळ बदलणारा पॉइंट ठरलेल्या वेळेत बसला नाही, बॅटरीचा व्होल्टेज उतरला, रिले रूमचे दार उघडले, की स्टेशनमागून स्टेशन जोडलेल्या जाळ्यातून खबर मुख्य नियंत्रण कक्षात जाते.

तात्पुरता म्हणून आला

याच सुमारास संगणकांच्या जाळ्यांनाही आपापल्या घंटेची गरज पडली. इंटरनेट लहान होते, तोवर बिघाड झाला की एकमेकांना ओळखणारे अभियंते फोन करून विचारत. यंत्रांची संख्या वाढल्यावर ते जमेना. १९८७ साली जेफ केस, जेम्स डेव्हिन, मार्क फेडर आणि मार्टिन शॉफस्टॉल या चौघांनी जाळ्यातल्या राउटरची विचारपूस करणारा एक साधा प्रोटोकॉल रचला. त्यातूनच ऑगस्ट १९८८ मध्ये एसएनएमपी आला. इंटरनेटच्या धुरिणांनी तो तात्पुरता म्हणूनच स्वीकारला होता. खरा, भारदस्त, सर्वसमावेशक प्रोटोकॉल आंतरराष्ट्रीय मानक संस्थेकडून यायचा होता. तो आला, पण इतका अवजड होता, की बाहेरच्या जगाने तात्पुरत्यालाच कायम केले.

एसएनएमपीची कल्पना दोन भागांची. नियंत्रण कक्षातला संगणक ठरावीक वेळाने प्रत्येक यंत्राला विचारतो, कसे आहे? आणि यंत्रावर काही प्रसंग ओढवला, तर ते न विचारताच एक ‘ट्रॅप’ पाठवते. मूळ यादीत ट्रॅपचे फक्त सात प्रकार होते: यंत्र नव्याने सुरू झाले, पुन्हा सुरू झाले, जोडणी तुटली, जोडणी आली, कोणी चुकीच्या परवान्याने आत शिरू पाहिले, शेजारी राउटर गप्प झाला आणि सातवा कंपनीने स्वतः ठरवायचा. घंटेच्या ठोक्यांइतकीच ही यादी आटोपशीर होती.

एक गोष्ट मात्र घंटेहून वेगळी होती. ट्रॅपची पोच येत नसे. यंत्राने तो जाळ्यात सोडला की त्याचे काम संपले. साधे पोस्टकार्ड पेटीत टाकावे, तसे. हा निष्काळजीपणा नव्हता. जाळे आजारी असताना पोचपावतीची वाट पाहत बसणारे यंत्र स्वतःच अडकून पडेल आणि आधीच तुंबलेल्या वाटेवर आणखी गर्दी करेल, ही रास्त भीती त्यामागे होती. शिवाय ट्रॅप हरवला, तरी नियंत्रण कक्षाची पुढची फेरी बिघाड पकडेल, असा हिशेब होता. पण ज्या वेळी जाळे बिघडते, नेमक्या त्याच वेळी संदेश हरवण्याचा संभव सर्वांत जास्त असतो. शेवटी एप्रिल १९९३ मध्ये एसएनएमपीच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘इन्फॉर्म’ नावाचा संदेश आला. हा पोच मागतो आणि पोच आली नाही तर पुन्हा जातो. मास्तर जे ठोके परत वाजवून करत आले होते, ते सर्वांत नव्या तंत्राला बऱ्याच वर्षांनी पुन्हा शोधावे लागले. संदेश खरोखर त्याच यंत्राकडून आला आहे, याची पक्की खात्री देणारी तिसरी आवृत्ती २००२ साली मानक झाली.

वसई-विरारच्या बाबतीत या दोन कथा एकाच जमिनीवर येऊन मिळतात. २००० साली रेल्वेने रेलटेल ही कंपनी काढली आणि लोहमार्गांच्या बाजूने ऑप्टिकल फायबर टाकायला वेग आला. ज्या वाटेवरून पूर्वी ‘लाइन क्लिअर’च्या तारा जात, त्याच वाटेने इंटरनेट जाऊ लागले. तारसेवा स्वतः जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

शेवटचा श्वास

वसई पूर्वेला पारोळ, भाताणे, सायवनकडे जाताना डोंगराच्या कडेला मोबाइलचा टॉवर दिसतो. खाली कुलूपबंद कपाट, आत बॅटऱ्या, बाजूला जनरेटर. माणूस नाही. पावसात वीज गेली, की तिथून नियंत्रण कक्षाकडे जाणाऱ्या खबरांचा क्रम जवळपास ठरलेला असतो: बाहेरची वीज गेली, बॅटरी खर्च होते आहे, जनरेटर सुरू झाला, किंवा सुरू झाला नाही, बॅटरीचा व्होल्टेज धोक्याच्या रेषेखाली उतरला. त्यानंतर काहीच येत नाही. अनुभवी ऑपरेटर शेवटच्या ओळीपेक्षा तिच्यानंतरच्या शांततेकडे अधिक लक्ष देतो.

घरातल्या फायबरच्या डब्यात तर याहून बारीक कारागिरी आहे. वीज गेली की त्याच्या कपॅसिटरमध्ये उरलेल्या एवढ्याशा विजेवर तो काही मिलिसेकंद जगतो आणि तेवढ्यात कंपनीच्या यंत्राला एक संदेश पाठवतो: माझी वीज गेली. अभियंते याला शेवटचा श्वास म्हणतात. त्याचा उपयोग मोठा आहे. नालासोपाऱ्यातल्या एका इमारतीतले चाळीस डबे असा श्वास सोडून गप्प झाले, तर महावितरणची वीज गेली, फायबरवाल्याने धावायची गरज नाही. ते श्वास न सोडताच एकदम गप्प झाले, तर रस्ता खोदताना कोणाच्या तरी फावड्याखाली केबल आली आहे.

केबल तुटण्याच्या अशा एका घटनेतून शेकडो इशारे एकाच वेळी उठतात, ही या जाळ्यांची मोठी डोकेदुखी. खरा इशारा बाकीच्यांच्या गोंगाटात बुडतो. म्हणून आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९२ साली इशाऱ्यांच्या पायऱ्या ठरवल्या: अतिगंभीर, गंभीर, किरकोळ, पूर्वसूचना आणि ‘निवळला’. घंटेच्या पद्धतीतही धोक्याला इतरांपेक्षा वेगळे, सलग सहा ठोके दिलेले होते, ते याच विचाराने.

वाटेवरचा माणूस

२२ जानेवारी २०२४च्या संध्याकाळी वसई रोड आणि नायगावदरम्यान सिग्नलच्या पॉइंटमध्ये बिघाड झाला. तो दुरुस्त करायला सिग्नल विभागाचे तीन कर्मचारी रुळांवर गेले. रात्री नऊच्या सुमारास लोकलची धडक बसून तिघेही ठार झाले.

बिघाडाची खबर ज्यांच्यापर्यंत जायला हवी होती, त्यांच्यापर्यंत गेली होती; ते कामावर हजरही झाले होते. रुळांवर काम करणाऱ्यांच्या रक्षणासाठी रेल्वेच्या नियमांत लुकआउट मॅन आहे, लाल बावटा आहे, गाड्या थांबवून कामासाठी ब्लॉक घेण्याची पद्धत आहे. येणाऱ्या गाडीची सूचना देणारी रेडिओ उपकरणेही काही मार्गांवर आली आहेत. पण दर दोन-तीन मिनिटांनी गाडी धावणाऱ्या लाइनीवर हे सगळे अजूनही बव्हंशी माणसाच्या कानाडोळ्यांवर आणि घाईवर सोडलेले आहे.

दीडशे वर्षांत आपण यंत्राचे दुखणे दूरवर नेण्याची भाषा पक्की केली. तिच्यातला प्रत्येक नियम कोणत्या ना कोणत्या अपघाताने किंवा अडचणीने शिकवलेला आहे: अर्थ आधी ठरवा, पोच घ्या, शांतता धोका समजा, महत्त्वाचे वेगळे काढा. ही शिस्त अजून एका दिशेने पुरती गेलेली नाही. पॉइंट बसला नाही, हे नियंत्रण कक्षाला सेकंदात कळते; त्या पॉइंटपाशी माणसे उभी आहेत, हे मोटरमनला तितक्याच खात्रीने, पोच घेऊन कळले पाहिजे, आणि पोच येईपर्यंत सिग्नल लाल राहिला पाहिजे. ट्रॅक सर्किटने रुळांना शंकेचा फायदा प्रवाशाला द्यायला शिकवले. तोच फायदा रुळांवर उतरलेल्या कामगारालाही मिळाला पाहिजे, आणि त्यासाठी लागणारे तंत्र याच मार्गाकडे केव्हाचे आहे.